कंसातलं 'म्हणतात'

गेल्या गणपतीत, गौरी जेवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, माझी भाची पाच कागद घेऊन घरी आली. ती इंदूरच्या विद्यापीठात मानसशास्त्रात एम. ए. करते. प्रत्येक कागदावर एक ते वीस आकडे आणि प्रत्येक आकड्यापुढे एकच शब्द: 'मी'. पुढची ओळ ज्याची त्याने पुरी करायची. वेळ बारा मिनिटं.

"मामा, फार विचार नाही करायचा. मी कोण, ते सुचेल तसं वीस वेळा लिहायचं."

"वीस वेळा?" आई पलंगावरून म्हणाली. "अगं, मी एकदाच आहे ना?"

सगळे हसलो, पण कागद घेतले. सुदामा नगरातलं आमचं घर त्या दिवशी भरलेलं होतं. माझा मुलगा बेंगळुरूहून आला होता, बहीण उषा नगरातून आली होती, स्वयंपाकघरात आदल्या दिवशीच्या पुरणपोळ्या तव्यावर परत गरम होत होत्या. पंख्याखाली आम्ही पाच जण शाळेतल्या मुलांसारखे मांडीवर पुठ्ठा घेऊन बसलो. भाचीने मोबाइलवर वेळ लावली.

आईचं वय ब्याऐंशी. बारा मिनिटांत तिने तेरा ओळी लिहिल्या आणि पेन खाली ठेवलं. पहिली ओळ: 'मी ह्यांची बायको'. बाबांना जाऊन तेरा वर्षं झाली, पण ओळ पहिली तीच, आणि नाव तिने आजही लिहिलं नाही. मग 'मी घरातली सून', 'मी दोघांची आई', 'मी धारची माहेरवाशीण', 'मी भजनी मंडळातली', 'मी नवरात्रात अन्नपूर्णेला पायी जाणारी', आणि सातवी ओळ, 'मी मूळची साताऱ्याकडची'. आमच्या घराण्याने सातारा सोडून सहा पिढ्या झाल्या. आईने ते गाव आयुष्यात एकदा पाहिलं आहे, तेही बसच्या खिडकीतून. शेवटची, तेरावी ओळ होती, 'मी चकल्या चांगल्या करते'.

भाची खूश झाली. "आजी, हा एक स्वतःचा गुण लिहिलास बघ!"

"माझा कसला गुण? सगळे म्हणतात, म्हणून लिहिलं."

माझ्या मुलाचा कागद उलट्या टोकाचा. 'मी सॉफ्टवेअर इंजिनिअर', 'मी अबोल', 'मी रात्री जागणारा', 'मी ट्रेकर', 'मी आळशी'. अकराव्या ओळीवर 'मी इंदुरी' आणि सतराव्या ओळीवर, बहुधा मजकूर संपत आला म्हणून, 'मी आईबाबांचा एकुलता मुलगा'. त्याची आई सतरा हा आकडा दिवसभर विसरली नाही. तिच्या स्वतःच्या कागदावर मात्र पहिली ओळ होती 'मी पुण्याची'. लग्न होऊन इंदुरात तिला एकतीस वर्षं झाली आहेत.

माझा कागद मधलाच. मी बँकेतला माणूस, बेरीज केल्याशिवाय चैन पडत नाही. वीसपैकी अकरा ओळी नात्यांच्या किंवा गावाच्या निघाल्या आणि नऊ स्वभावाच्या. बहिणीने तिचा कागद कुणाला न दाखवता घडी करून मुलीच्या पर्समध्ये सरकवला. तो मी चार दिवसांनी पाहिला. त्याबद्दल पुढे.

संध्याकाळी चहाबरोबर भाचीने आम्हाला समजावलं. ही वीस ओळींची चाचणी मॅनफर्ड कून आणि थॉमस मॅकपार्टलंड या अमेरिकी अभ्यासकांनी १९५४ साली मांडली. पुढे १९९१ मध्ये हेझल मार्कस आणि शिनोबू कितायामा या दोघांनी एक निबंध लिहिला आणि तो जगभर गाजला. मार्कस अमेरिकेच्या, कितायामा जपानचे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की काही समाजांत माणूस स्वतःला कुंपण घातलेल्या प्लॉटसारखा समजतो. आत जे आहे ते माझं, आणि जे करायचं ते आतून उमटलं पाहिजे. दुसऱ्या समाजांत माणूस स्वतःला नात्यांच्या विणीतली गाठ समजतो. तिथे 'मी'च्या आतच इतर माणसं असतात. आणि 'मी' जसा, तशी त्याला कामाला लावणारी गोष्ट. एकाला स्वतःची आवड उठवते, दुसऱ्याला आपल्या माणसांची अपेक्षा.

"मग मी नापास का?" मुलाने विचारलं.

"यात पास-नापास नसतं. आणि पाच कागदांवरून शास्त्र होत नाही," भाचीने त्याला गप्प केलं.

शास्त्र होत नसेल, पण माझ्या डोक्यात ते फिरत राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फूटी कोठीकडे पोहे घ्यायला गेलो. पुढच्या ग्राहकाने दुकानदाराला विचारलं, जलेबी कधी निघणार. दुकानदार म्हणाला, "भिया, अपन तो छे बजे से खड़े हैं." दुकानात तो एकटाच होता. इंदूरच्या हिंदीत 'अपन' म्हणजे आपण आणि 'अपन' म्हणजे मीसुद्धा. 'अपन को क्या करना' म्हणजे मला काय करायचं आहे. मी जन्मभर हे बोलत आलो आणि कधी लक्ष गेलं नाही, की आमच्या शहरातला माणूस स्वतःबद्दल बोलतानाही अनेकवचन पांघरून बोलतो. मराठीत तर आपण आणखी बारीक कातलं आहे. 'आम्ही' म्हटलं की समोरचा बाहेर, 'आपण' म्हटलं की समोरचा आत. आणि 'मी'ला 'पणा' जोडला की सरळ दोष होतो. 'मीपणा' ही कुणाची स्तुती असू शकत नाही.

पोह्याची पुडी घेऊन येताना मला माझं कॉमर्स आठवलं.

आम्ही आधी परदेशीपुऱ्यात, मिलच्या भागात राहायचो. बाबा एका कापड गिरणीत टाइम ऑफिसात होते. त्यांनी सुदामा नगरात प्लॉट घेऊन दोन खोल्या बांधल्या तेव्हा मी शाळेत होतो. बाबा इथून सायकलने मिलपर्यंत जायचे, म्हणजे गावाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे. गल्लीत गणपती बसू लागला, तेव्हा वर्गणीची वही त्यांनी माझ्याकडे दिली. मी आठवीत होतो. विसर्जनानंतर हिशेब लिहिताना माझ्या लक्षात आलं, की मांडववाल्याला अकरा रुपये दोनदा दिले गेले आहेत. बाबांनी वही पाहिली, चष्मा पुसला, पुन्हा पाहिली, काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षी विषय निवडायची वेळ आली तेव्हा जेवताना एवढंच म्हणाले, "तू कॉमर्स घे."

मी घेतलं. मला कुणी विचारलं नाही, आणि आपल्याला विचारलं नाही असं मला वाटलंही नाही. छत्तीस वर्षं बँकेत काढली. बदल्या झाल्या, शिव्या खाल्ल्या, पण सोमवारी सकाळी पोटात गोळा आला असं कधी झालं नाही. अलीकडे मुलाचे मित्र विचारतात, "काका, तुम्हाला स्वतःला काय करायचं होतं?" मला खरंच उत्तर देता येत नाही. करायचं होतं ते हेच होतं. फक्त ते प्रथम बाबांच्या तोंडून आलं.

भाचीला हे सांगितलं तर तिने मला एक प्रयोग सांगितला. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांनी १९९९ मध्ये तो प्रसिद्ध केला. सात ते नऊ वर्षांची मुलं, गाव सॅन फ्रान्सिस्को. अक्षरं उलटीपालटी करून दिलेली, त्यांतून शब्द जुळवायचे. काही मुलांनी कोडी स्वतः निवडली, काहींना सांगितलं की ही प्रयोग घेणाऱ्या बाईंनी निवडली आहेत, आणि काहींना सांगितलं की ही तुझ्या आईने निवडली आहेत. गोऱ्या अमेरिकी मुलांनी सर्वांत जास्त कोडी सोडवली ती स्वतः निवडलेली. चिनी आणि जपानी घरांतल्या मुलांनी सर्वांत जास्त सोडवली ती आईने निवडलेली, स्वतः निवडलेल्यांपेक्षाही जास्त. बाईंनी निवडलेल्या कोड्यांत मात्र ही मुलंसुद्धा मागे पडली.

ते शेवटचं वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकलं. त्याचा अर्थ नंतर कळला.

त्या आधी बाबांच्या झाकीबद्दल सांगायला हवं, कारण इंदुरात राहून 'माणूस कशासाठी राबतो' असा प्रश्न विचारायचा आणि झाकी विसरायची, हे होऊच शकत नाही. अनंत चतुर्दशीच्या रात्री इथे मिलच्या झाक्या निघतात. हुकुमचंद, मालवा, कल्याण, राजकुमार, स्वदेशी अशा मिलच्या नावांनी. ट्रॉल्यांवर उभे केलेले पौराणिक देखावे, मोटारीवर हलणारे पुतळे, हजारो दिवे, पुढे आखाडे. सगळं गाव रात्रभर रस्त्यावर. ही परंपरा शंभरीच्या घरातली आहे. आणि मिल? मिल सगळ्या बंद. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली. तिथल्या साडेपाच हजारांहून जास्त कामगारांच्या थकबाकीचा प्रश्न बत्तीस वर्षांनी, डिसेंबर २०२३ मध्ये, सुमारे २२४ कोटी रुपये देऊन सुटला. तोवर कितीतरी जण जग सोडून गेले होते. झाकी मात्र निघत राहिली. मिलमध्ये धागा नाही, भोंगा नाही, पगार नाही, पण कामगार वर्गणी गोळा करत राहिले आणि मिलच्या नावाने ट्रॉली ओढत राहिले.

बाबांची मिल बंद झाली तेव्हा ते पन्नाशीत होते. एका किराणा दुकानात हिशेब लिहायला लागले. पण राखी झाली की संध्याकाळी सायकल काढून झाकीच्या शेडमध्ये जायचे आणि रात्री अकराला परत यायचे. बोटांना सरस, नखांत रंग, सदऱ्याला थर्माकोलचे दाणे चिकटलेले. आई रॉकेलचा बोळा घेऊन त्यांच्या हातांवरचा रंग काढायची आणि बडबडायची.

"पगार नाही, बोनस नाही, आणि रंग फासून येऊन राहिलेत."

"अगं, या वर्षी झाकी निघाली नाही तर लोक म्हणतील, मिल संपली."

"संपलीच आहे की."

"बंद झाली ती कंपनी. आम्ही कुठे बंद झालो?"

त्या वर्षी त्यांच्या झाकीला बक्षीस मिळालं नाही. रात्रभर चालून बाबा पहाटे घरी आले आणि पायातली चप्पल न काढता ओट्यावर बसले. मी विचारलं, नंबर आला का. म्हणाले, "नाही आला. पण राजवाड्यापाशी लोक उभे राहिले."

आपल्याकडे कुणी नुसतं 'लोक काय म्हणतील' म्हटलं तरी शिकली-सवरलेली माणसं नाक मुरडतात. मीही मुरडलं आहे. पण त्याच तीन शब्दांनी बाबांना बिनपगारी कामाला लावलं, आणि त्या कामाने त्यांना त्या वर्षांत उभं ठेवलं. किराणा दुकानात ते मुनीम होते, झाकीच्या शेडमध्ये मिलवाले होते.

दुसरी गोष्ट माझीच, आणि तितकी शोभेची नाही. २०१७ साली स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर देशात पहिलं आलं आणि नंतर वर्षानुवर्षं त्याने ती जागा सोडली नाही. २०२३च्या क्रमवारीत तेवढी सुरतबरोबर वाटून घेतली. आमच्या गल्लीत कचरागाडीचं गाणं वाजलं की ओल्या-सुक्याच्या बादल्या घेऊन म्हातारे-कोतारे फाटकाशी उभे. चॉकलेटचा कागद खिशात ठेवून घरापर्यंत आणणारी मुलं मी रोज पाहतो. मीही खिशात ठेवतो. आम्ही म्हणतो, सवय लागली. तर दोन वर्षांपूर्वी पुण्याला सासरच्या लग्नाला गेलो होतो. रस्त्यावर उभं राहून चहा प्यालो आणि कागदी कप चुरगळून गटाराकडे टाकला. बायको म्हणाली, "इंदुरात टाकला असता का?"

नसता टाकला. तोच हात, तोच कप. म्हणजे स्वच्छता माझ्या अंगात मुरलेली नव्हती, ती माझ्या 'इंदूरवाला' असण्यात होती, आणि पुण्याच्या रस्त्यावर मला इंदूरवाला म्हणून बघणारं कुणी नव्हतं. बाबांना ज्या दोरीने वर उचललं होतं, तिचं दुसरं टोक किती सैल असू शकतं ते त्या दिवशी कळलं. बायकोने कप उचलून पिशवीत घातला. ती पुण्याची.

आता बहिणीचा कागद. विसर्जन झाल्यावर भाची पुन्हा आली आणि तिने तो माझ्यासमोर ठेवला. आईची परवानगी घेतली आहे, म्हणाली. वीसच्या वीस ओळी भरलेल्या, वळणदार अक्षर. 'मी गुणी सून', आणि पुढे कंसात, पेन्सिलीने, 'म्हणतात'. 'मी समजूतदार (म्हणतात)'. 'मी सगळ्यांचं करणारी (म्हणतात)'. असे सात कंस. चौदाव्या ओळीपुढे कंस नव्हता: 'मी पहाटे अर्धा तास गाते'.

बहीण माझ्याहून तीन वर्षांनी लहान. संगीताची मध्यमा चांगल्या गुणांनी पास झाली होती, आणि तिच्या गुरुजींनी घरी येऊन सांगितलं होतं, की विशारद करू द्या, गळा आहे. त्याच वर्षी तिचं लग्न ठरलं. ठरवलं ते आमच्या मोठ्या काकांनी. ते दुसऱ्या गावी असायचे, वर्षातून दोनदा यायचे. मुलगी मोठी झाली, स्थळ चांगलं आहे, गाणं काय, नंतरही होतं, असं ते म्हणाले. बाबा मोठ्या भावापुढे बोलत नसत. आईने होकार दिला. मी तेव्हा बँकेत लागलो होतो, कमावता होतो, आणि मीही गप्प राहिलो. बहिणीने तक्रार केली नाही. संसार चांगला केला. म्हणूनच आम्ही सगळे तिला गुणी म्हणत आलो.

एकच घर, तेच आईबाप, तेच संस्कार. मलाही विचारलं नव्हतं आणि तिलाही. मला ते ओझं वाटलं नाही, तिला पस्तीस वर्षं कंसात ठेवावं लागलं. मार्कस-कितायामांचा निबंध एवढंच सांगतो की आमचा 'मी' गाठीसारखा आहे. पण एकाच विणीतल्या दोन गाठींचं असं वेगवेगळं का व्हावं?

मी रात्री आईपाशी विषय काढला. ती बराच वेळ जपमाळ हातात धरून बसली. मग म्हणाली, "तुझं ह्यांनी पाहून ठरवलं होतं. तिचं आम्ही कुठे ठरवलं? मोठ्यांनी सांगितलं, आम्ही मान हलवली. त्यांनी तर तिचं गाणं एकदाही ऐकलं नव्हतं."

तेव्हा मला त्या प्रयोगातलं शेवटचं वाक्य आठवलं. परक्या बाईंनी निवडलेलं कोडं त्या चिनी-जपानी मुलांनाही गोड लागलं नव्हतं. आईने निवडलं म्हणून ती मुलं जीव लावून बसली, ती केवळ आज्ञाधारक होती म्हणून नसावीत. आई आपल्याला ओळखते, तिने आपल्याला जमेल तेच निवडलं असणार, हा भरवसाही त्यात असणार. बाबांनी माझी वही दोनदा पाहिली होती. माझ्या कॉमर्सवर नाव बाबांचं होतं, पण त्या नावामागे माझे अकरा रुपये होते. बहिणीच्या लग्नावर नाव आईबाबांचं होतं, निवड मात्र परक्याची. आई चकल्यांबद्दल 'सगळे म्हणतात' असं सांगते तेव्हा म्हणणाऱ्यांनी चकल्या खाल्लेल्या असतात. बहिणीला गुणी म्हणणाऱ्या आमच्यापैकी कुणी तिला विचारलंही नव्हतं की सकाळी कितीला उठतेस.

एवढं समजायला मला वयाची अठ्ठावन्न वर्षं आणि एक वीस ओळींचा कागद लागला. आपल्याकडे मुलं घरचं ऐकतात, आणि ऐकून फुलतातही. ते खोटं नाही आणि त्यात लाजण्यासारखंही काही नाही. पण ऐकणाऱ्याने भरवसा ठेवायचा तर सांगणाऱ्याने आधी पाहिलेलं असलं पाहिजे. मुलांसाठी निवडा, जरूर निवडा. फक्त त्याआधी त्यांची वही दोनदा बघा, त्यांचं गाणं एकदा तरी पुरतं ऐका. तेवढी फुरसत नसेल तर मत देऊ नका. नात्याने कितीही जवळचे असलात तरी त्या घडीला तुम्ही परकेच असता.

बहिणीने आता उषा नगरातच एका बाईंकडे पुन्हा शिकायला सुरुवात केली आहे. पहिल्या महिन्याची फी आईने आपल्या पेन्शनीतून दिली आणि क्लासला स्वतः रिक्षाने जाऊन तासभर बसून आली. येऊन मला म्हणाली, "बरी गाते." कुणाचा हवाला दिला नाही.

आणि भाची. एम. ए. नंतर पीएच. डी. करू की नोकरी, हा तिचा प्रश्न आहे. परवा फोनवर म्हणाली, "मामा, तुम्ही सांगाल तसं करते." मी म्हटलं, आधी तुझ्या वह्या घेऊन ये, मग बोलू. रविवारी येणार आहे.